केबलवाल्याचं काम आता आपल्या गळ्यात

रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर कॉलेजच्या पोरांनी मैदानावरून फुटबॉलची मॅच यूट्यूबवर लाइव्ह लावली तर ती कधी बंद पडेल, हे आधीच कागदावर मांडून सांगता येतं. चित्र ४ एमबीपीएसने (म्हणजे मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) जात असेल तर सेकंदाला अर्धा एमबी खर्च. दोन जीबी म्हणजे चार हजार सेकंद, म्हणजे साधारण ६६ मिनिटं. शिट्टीच्या पाच मिनिटं आधी लाइव्ह सुरू केलं, ४५ मिनिटांचा पहिला हाफ, १५ मिनिटांची विश्रांती, झाली ६५. दुसऱ्या हाफला बॉल मध्यावर ठेवला जातो आणि इकडे वेग ६४ केबीपीएसवर येतो, चित्र गोठतं. घरी बसलेला माणूस म्हणतो, ‘पोरांचं नेट गेलं.’ नेट गेलेलं नसतं. हिशेब कुणी केलेला नसतो.

केबलच्या जमान्यात हा हिशेब कॉलेजला करावा लागत नसे. लोकल चॅनलचा कॅमेरामन मैदानावर यायचा, टेपवर मॅच घ्यायचा आणि ती रात्री कंट्रोल रूममधून लागायची. लाइव्ह दाखवायचीच असेल तर मैदानापासून कंट्रोल रूमपर्यंत वायर ओढावी लागे. खांबावरून, गच्चीवरून, वाटेत अ‍ॅम्प्लिफायर लावत. तिथला मॉड्युलेटर ते चित्र ठरलेल्या चॅनलवर चढवायचा आणि पेठेतल्या प्रत्येक टीव्हीवर ते त्याच क्षणी दिसायचं. दहा घरांनी बघितलं काय आणि दहा हजारांनी काय, तारेवरचा बोजा तेवढाच. वीज गेली तर जनरेटर त्याचा, वायर तुटली तर शिडी त्याची, आणि शिव्याही त्यालाच. आपलं काम फक्त बघायचं.

मग २०११च्या कायदेदुरुस्तीने केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली आणि सेट-टॉप बॉक्स आले. गल्लीतल्या तारेवर आपलं चित्र परस्पर चढवायची सोय संपली. ते मोठ्या केबल कंपनीच्या मुख्य केंद्रातून एन्कोड होऊन, म्हणजे डिजिटल रूपात बदलून, यायला लागलं. नोव्हेंबर २०२२मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने केबल कंपन्यांच्या अशा स्वतःच्या चॅनलांसाठी नियम काढले. नोंदणी आली, एकूण चॅनल क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा आली. पण तोवर खेळ केव्हाच दुसरीकडे गेला होता. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या प्रेक्षकांत ट्रायपॉडवरचे फोन दिसायला लागले.

अमेरिकेत हेच स्थित्यंतर पैशाच्या वाटेने झालं. तिथे कॉलेजच्या फुटबॉलचे (त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचे) टीव्ही हक्क पूर्वी एनसीएए या मध्यवर्ती संघटनेच्या हातात होते. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठं, त्यांचे गट आपापले हक्क विकायला मोकळे झाले. त्यातून २००७मध्ये बिग टेन, २०१४मध्ये एसईसी, २०१९मध्ये एसीसी अशी एकेका गटाची केबल चॅनलं उभी राहिली. मॅच बघा न बघा, त्या चॅनलचे पैसे केबलच्या बिलातून जायचे. लोक केबल तोडायला लागले तसा तो पाया हलला. पॅक-१२ गटाचं चॅनल जून २०२४मध्ये बंदच झालं. २०२३पासून बिग टेनच्या काही मॅच फक्त पीकॉक या अ‍ॅपवर दिसतात, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ईएसपीएनने केबलशिवाय थेट घ्यायचं अ‍ॅप महिना २९.९९ डॉलरला आणलं. आपल्याला हे आकडे कामाचे नाहीत. कामाची गोष्ट वेगळीच आहे: या गटांनी आपल्या चॅनलांना जोडून ऑनलाइन सेवा काढल्या आणि त्यांवरच्या बऱ्याच मॅच, म्हणजे व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, कुस्ती, विद्यापीठं स्वतःच तयार करून पाठवतात. कॅमेऱ्यामागे पुष्कळदा तिथलेच विद्यार्थी असतात. ते आपल्याकडेही जमण्यासारखं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या झोनल आणि इंटरझोनल स्पर्धा कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत होतात आणि खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांनाही त्या दिसत नाहीत.

आता मुद्द्यावर.

पहिली गोष्ट परवानगी. मॅच दाखवायचा हक्क आयोजकाचा. कॉलेजची स्पर्धा असेल तर आयोजक कॉलेजच्या जिमखाना विभागाकडून पत्र घ्यायचं, प्राचार्यांच्या सहीचं. तोंडी ‘लावा की’ चालत नाही, कारण उद्या गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर भांडण झालं की पहिला प्रश्न तुमच्या कॅमेऱ्याला येतो. प्रायोजक घेताना पैशांवर खेळायच्या अ‍ॅपचा बॅनर लावू नका. २०२५च्या कायद्याने त्या खेळांच्या जाहिरातीही बंद केल्या आहेत. चहाचा गाडा, जिम, टू-व्हीलरचं शोरूम यांची जाहिरात पुरेशी आहे.

यूट्यूबचं चॅनल मॅचच्या दिवशी उघडून भागत नाही. फोन नंबर पडताळून लाइव्हची सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. थेट फोनच्या अ‍ॅपमधून लाइव्ह जायचं असेल तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरने जायचं असेल तर ती अट नाही. जुलै २०२५पासून एकट्याने लाइव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ हवं, म्हणून सोळा न भरलेल्या पोराच्या खात्यावर भिस्त ठेवू नका. लाइव्ह आदल्या दिवशीच शेड्यूल करा, म्हणजे लिंक सकाळीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. आणि एक खूण आठवणीने काढा: ‘ऑटो-स्टॉप’. ती चालू राहिली आणि मैदानावरचं नेट मधेच गेलं की यूट्यूब समजतं कार्यक्रम संपला. नेट परत येतं, पण नवी लिंक तयार होते. जुन्या लिंकवर बसलेले लोक तिथेच राहतात. ऑटो-स्टॉप बंद असेल तर त्याच लिंकवर चित्र परत येतं. आम्हाला विचाराल तर अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त विमा हाच.

कॅमेरा मध्यरेषेवर, जमिनीपासून निदान बारा-पंधरा फूट उंच. उंची नसेल तर मैदानाची पलीकडची बाजू एकाच पट्टीत चेपते आणि बॉल कुठल्या खेळाडूजवळ आहे ते कळत नाही. गॅलरीची वरची पायरी, पॅव्हेलियनची गच्ची, नाहीतर रंगाऱ्याची परांची. परांची असेल तर माणूस हलला की चित्र हलतं, म्हणून ट्रायपॉडचे पाय फळीवर न ठेवता पाइपाच्या सांध्यावर येतील असे बघा. चारची मॅच असेल तर सूर्य पश्चिमेला उतरत असतो, तेव्हा कॅमेरा पश्चिमेच्या बाजूला, उन्हाला पाठ करून. मैदानाचा साधारण तिसरा हिस्सा चौकटीत ठेवायचा आणि बॉलच्या किंचित पुढे राहायचं. नवखा कॅमेरामन हटकून झूम करतो. झूम फक्त कॉर्नर, फ्री किक आणि कार्डाच्या वेळी.

फोनवरच करायचं असेल तर फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. नाहीतर कॅमेऱ्यासमोरून कुणी भेळेची पुडी घेऊन गेला की फोन त्याच्यावर फोकस धरतो आणि पुढचे चार सेकंद मैदान धूसर. इनकमिंग कॉल आला तर लाइव्ह तुटू शकतं, म्हणून कॉल येणारं सिम त्या फोनमध्ये नकोच. नेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून द्या. एप्रिलच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद करतो. कव्हर काढा, वर पांढरा टॉवेल तंबूसारखा धरा (फोनला चिकटवून नव्हे, हवा खेळायला हवी), आणि फास्ट चार्जरऐवजी साधा पॉवर बँक लावा, कारण वेगाने चार्ज होताना तो आणखी तापतो.

हौस पुढे गेली की हँडीकॅम येतो. त्याचं एचडीएमआयमधून बाहेर येणारं चित्र स्वच्छ आहे का ते आधी बघा. मेनूमध्ये स्क्रीनवरची माहिती बंद केली नाही तर बॅटरीचं चिन्ह आणि तारीख अख्ख्या जिल्ह्याला दिसते. ऑटो पॉवर ऑफ बंद करा. कॅमेरा २५ फ्रेमवर, शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याच्या उजेडात ३० फ्रेमवर चित्र लुकलुकतं. चित्र लॅपटॉपमध्ये घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं. बाजारात मिळणारं स्वस्त कार्ड खोक्यावर ‘फोर-के’ लिहितं, पण यूएसबी २वर ते चित्र आधीच दाबून देतं. ७२०पीच्या लाइव्हला ते चालतं. खरा त्रास एचडीएमआयच्या खाचेचा: ती सैल असते, ट्रायपॉड फिरला की वायर ओढली जाते आणि चित्र काळं होतं. वायरचा एक वेढा ट्रायपॉडच्या पायाला घालून टायने बांधला की ओढ खाचेवर येत नाही.

लॅपटॉप कॅमेऱ्यापासून लांब, सावलीत ठेवायचा असेल तर साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते. तिथे एसडीआय, म्हणजे लांबवर चित्र नेणारी जोडणी, लागते, आणि इथे केबलवाला परत येतो. एसडीआयला ७५ ओहमची कोअ‍ॅक्स लागते आणि केबल टीव्हीची आरजी-६ वायर ७५ ओहमचीच असते. टोकाला टीव्हीची एफ पिन न लावता बीएनसी बसवायची, दोन्ही बाजूंना एचडीएमआय-एसडीआय कन्व्हर्टर. पन्नास मीटर आरामात जातं. पिन मात्र सराईत हाताने चढवलेली हवी: आतल्या जाळीचा एक केस जरी मधल्या तांब्याला टेकला की सिग्नल गेला. वायर काटकोनात मोडायची नाही, आणि प्रेक्षकांच्या पायाखालून न्यायची असेल तर वर सतरंजी टाकून कडा चिकटपट्टीने दाबायच्या.

ओबीएसमध्ये फार काही करायचं नसतं, पण जे करायचं ते चुकवायचं नसतं. कॅनव्हास १९२०×१०८०, बाहेर जाणारं चित्र १२८०×७२०, २५ फ्रेम. बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) ३५०० केबीपीएस, स्थिर म्हणजे सीबीआर. कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) इंटरव्हल २ सेकंद. तो ‘ऑटो’वर सोडला तर यूट्यूब कुरकुर करतं. ग्राफिक कार्ड असेल तर एन्कोडिंग त्याच्यावर टाका. रेकॉर्डिंगही सोबत चालू ठेवा, एमकेव्हीमध्ये; साध्या एमपी४मध्ये लॅपटॉप मधेच बंद पडला की अख्खी फाइल जाते, एमकेव्हीत तोवरचं सगळं राहतं आणि नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करता येतं. लॅपटॉप चार्जरवरच हवा, नाहीतर वीज वाचवायला तो वेग उतरवतो. विंडोजचं अपडेट आठवडाभर थांबवून ठेवा.

‘चित्र अडकतंय’ ही एकच तक्रार तीन वेगळ्या कारणांनी येते आणि लोक तिन्हीला एकच औषध देतात. ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत बघा. ‘नेटवर्क’च्या ओळीत फ्रेम गळत असतील तर दोष नेटचा: बिटरेट २५००वर आणा, किंवा अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये बिटरेट आपोआप कमी-जास्त व्हायची खूण आधीच करून ठेवा. ‘एन्कोडिंग’च्या ओळीत गळत असतील तर लॅपटॉप दमलाय, नेट बदलून उपयोग नाही, एन्कोडरचं प्रीसेट हलकं करा किंवा चित्र लहान करा. ‘रेंडरिंग’ची ओळ वाढत असेल तर ग्राफिकवर ताण, मागे उघडलेलं क्रोम आणि त्यातले पंधरा टॅब बंद करा. बहुतेक वेळा दोष क्रोमचाच असतो.

नेटची सगळ्यात मोठी फसवणूक म्हणजे सकाळी अकराची स्पीड टेस्ट. रिकाम्या मैदानात अपलोड २० दिसतो, सगळे खूश. चार वाजता पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी कोल्हापुरातल्या दोन संघांची मॅच असेल तर त्याच टॉवरवर हजारो फोन येतात आणि प्रत्येक जण स्टेटस टाकत असतो. तो अपलोडच आहे, आणि तुमचाही अपलोडच. फाइव्ह-जी अमर्याद असलं तरी फोन गुपचूप फोर-जीवर उतरतो आणि मग वरचा दोन जीबीचा हिशेब लागू होतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, आणि चाचणी घ्यायची तर आदल्या मॅचच्या गर्दीत, अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) लाइव्ह लावून अर्धा तास. बिटरेट अपलोडच्या निम्म्यापेक्षा वर नेऊ नका.

खरा उपाय वायरचा. आणि वायर कुणाकडे? पुन्हा केबलवाल्याकडेच. आज पेठेपेठेत ब्रॉडबँडचं फायबर त्याच मंडळींनी ओढलंय. मैदानाजवळच्या दुकानातून किंवा कॉलेजच्या ऑफिसातून दोन दिवसांसाठी जोडणी मागा. अपलोडही डाउनलोडइतका मिळेल असा प्लॅन घ्या. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा उजेड पोहोचत नाहीये: पेटी बंद-चालू करून काही होत नाही, वायर कुठेतरी मुडपलीय किंवा टोक मळलंय. हिरव्या आणि निळ्या टोकाची पिन एकमेकांत घालू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतात दोन्ही, उजेड मात्र मधेच गळतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतही वायरच, वायफाय नको.

विजेचा हिशेब सोपा आहे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास, हातात येतात पन्नासएक. लॅपटॉप, राउटर, कॅमेरा मिळून ९० वॅट लावले तर अर्धा तास. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. त्याला यूपीएसवर न लावता फक्त फायबरची पेटी, राउटर आणि कॅमेरा लावला तर २५ वॅटला दोन तास, म्हणजे पूर्ण मॅच.

आवाजाकडे कुणी बघत नाही आणि प्रेक्षक त्यामुळेच निघून जातात. समालोचकाला यूएसबी हेडसेट द्या, लॅपटॉपचा माइक नको. त्यात पंख्याची घरघर येते. मैदानाचा आवाज वेगळ्या माइकवर, फोमच्या टोपीसकट, आणि तो समर्थकांच्या घोळक्यापासून लांब. आपल्या गॅलरीतली भाषा प्रेमळ असली तरी ती यूट्यूबवर कायमची राहते. विश्रांतीत डीजेवर सिनेमाची गाणी लागली की मैदानाचा माइक बंद करा. यूट्यूबला गाणं ओळखू आलं तर आधी इशारा येतो, मग चित्राच्या जागी ठोकळा येतो, आणि तरी चालूच राहिलं तर लाइव्ह तोडलं जातं. हलगी वाजू द्या, ती आपली स्वतःची.

स्कोअर लावायला वेगळा माणूस ठेवा. ओबीएसच्या फ्रीटाइप टेक्स्टमध्ये देवनागरी टाकली तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. विंडोजवर जीडीआय प्लसचा टेक्स्ट वापरा, किंवा संघांची नावं आधीच चित्र म्हणून करून घ्या आणि फक्त आकडा बदला. चॅटवर दोन मॉडरेटर, दोन वेगळ्या पेठांतले.

कबड्डीसाठी यातलं निम्मं लागत नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. एकच स्थिर कॅमेरा, मध्यरेषेच्या टोकाला उंचावर, बोनस लाइन आणि लॉबी दोन्ही दिसतील असा. हलवायचाच नाही.

बघणाऱ्याचंही काही आहे. आजोबांना चॅनल नंबर पाठ होता. आता त्यांना टीव्हीवर यूट्यूब लावून देणारं कुणीतरी घरात लागतं. टीव्ही जुना असेल पण एचडीएमआयची खाच असेल तर स्टिक लावून भागतं. पत्रकावर क्यूआर कोड छापाच, पण टीव्हीच्या रिमोटने क्यूआर वाचता येत नाही, तेव्हा चॅनलचं नाव छोटं, मराठीत आणि बोलून शोधता येईल असं ठेवा.

उशिराचं मात्र काही करता येत नाही. केबलवर गोल त्याच क्षणी दिसायचा. यूट्यूबवर साध्या सेटिंगला चित्र पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त मागे असतं. ‘लो लेटन्सी’ला दहाच्या आत, ‘अल्ट्रा लो’ला पाचच्या आत येतं, पण जितकं जवळ आणाल तितकं नेटच्या प्रत्येक उचकीला चित्र अडखळतं. मैदानावर मोबाइल नेट असेल तर साधंच ठेवा, फायबर असेल तर लो. आवाज हवेतून एक किलोमीटर तीन सेकंदांत जातो, म्हणजे स्टेडियमच्या आसपासच्या पेठांत गोलचा जल्लोष खिडकीतून आधी येणार आणि फोनवर बॉल अजून मध्यावरच फिरत असणार. तिथे राहणाऱ्यांनी खिडकी लावून घ्यावी, नाहीतर चप्पल घालून सरळ स्टेडियम गाठावं.